कुणाच्या मागे चालायचं, आणि आपल्या मागे कोण चालतंय

ख्रिस्ती मंडळीत नवीन माणूस आला की पहिल्या महिन्यातच त्याला पाच-सहा मार्गदर्शक मिळतात, तेही न मागता. एक जण सांगतो, पहाटे चारला उठून प्रार्थना कर. दुसरा म्हणतो, आधी उपास धर. तिसरी व्यक्ती एका प्रसिद्ध वक्त्याचे चाळीस व्हिडिओ पाठवते. चौथ्याच्या मते तो वक्ता साफ चुकीचं शिकवतो. नवा माणूस गोंधळतो आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जातो. मीही तशीच गेले होते. परत यायला दोन वर्षं लागली.

हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे. तुम्ही नुकताच विश्वास ठेवला असेल, किंवा ख्रिस्ती घरात वाढूनही हे सगळं आता कुठे मनावर घेतलं असेल. कुणाचं अनुकरण करायचं आणि आपला इतरांवर प्रभाव कसा पडतो, हे दोन्ही प्रश्न मी एकत्र घेतले आहेत, कारण प्रेषित पौलाने ते एकाच वाक्यात बांधले आहेत. करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, तो लिहितो की मी जसं ख्रिस्ताचं अनुकरण करतो तसं तुम्ही माझं करा (१ करिंथ ११:१). त्यातला 'जसं' विसरू नका. पौल जिथवर ख्रिस्ताच्या मागे आहे तिथवरच करिंथकरांनी पौलाच्या मागे जायचं आहे. त्याची वाट वळली तर त्यांनी वळायचं कारण नाही.

पहिली पायरी: सध्या कुणाच्या मागे आहात ते बघा

निवड करायला बसलात तरी एक निवड आधीच झालेली असते. आपण कुणाची तरी नक्कल करतच असतो. लूक ६:४० मध्ये येशू म्हणतो की शिकून तयार झालेला शिष्य आपल्या गुरूसारखा होतो. गुरूचं ज्ञान घेतो एवढंच म्हणून तो थांबत नाही, 'गुरूसारखा होतो' म्हणतो. म्हणजे स्वभावाची वळणंसुद्धा येतात.

एक आठवडाभर वहीत लिहा. दिवसभरात कुणाचं बोलणं किती वेळ ऐकलं, राग आल्यावर कुणासारखे बोललात, प्रार्थनेला बसल्यावर तोंडात कुणाचे शब्द आले. चौथ्या दिवशीची माझी नोंद वाचून मला हसू आलं आणि लाजही वाटली. प्रार्थनेत मी दर दोन वाक्यांनंतर 'होय प्रभू, होय' म्हणत होते आणि दुसऱ्या 'होय'ला आवाज खाली आणत होते. ही लकब माझी नव्हतीच. सहा महिने घरकाम करताना मी ज्यांचे व्हिडिओ ऐकत होते त्यांची होती. लकब आली म्हणून काही बिघडत नाही. पण तिच्याबरोबर दुसऱ्या मंडळ्यांविषयी बोलताना ओठ मुडपायची त्यांची सवयही आली होती, आणि ती मला दुसऱ्या कुणी तरी दाखवावी लागली.

दुसरी पायरी: माप हातात घ्या

मार्ककृत शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. सोळा अध्याय आहेत, सावकाश वाचूनही साधारण दोन तासांत होतात. सोबत भाष्य नको, व्हिडिओ नको. पेन्सिल घ्या आणि येशू माणसांशी कसा वागतो तेवढ्याच ओळींखाली रेघा मारा.

पाचव्या अध्यायात याईराची मुलगी मरणाला टेकली आहे, येशू तिच्याकडे निघाला आहे, आणि वाटेत बारा वर्षं आजारी असलेल्या एका बाईसाठी तो थांबतो, तिचं बोलणं पूर्ण होऊ देतो. दहाव्या अध्यायात आंधळ्या बार्तीमयाला तो विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. उत्तर तर समोर दिसत होतं, तरी विचारतो. त्याच अध्यायात एक श्रीमंत माणूस येतो. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क लिहितो. माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही, अटही सैल करत नाही. या प्रसंगाकडे पुढे परत यायचं आहे.

हे माप हाती नसेल तर तुम्ही एका पुढाऱ्याला दुसऱ्या पुढाऱ्याशी ताडून बघत राहाल. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं शिकवणं दररोज शास्त्र उघडून तपासलं (प्रेषितांची कृत्ये १७:११). 'प्रेषितावर संशय घेतला' असा ठपका हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांच्यावर ठेवत नाही. उलट ते थोर मनाचे होते म्हणतो.

तिसरी पायरी: ऐकायची यादी वेगळी, अनुकरणाची वेगळी

ऐकायला वीस जण असू द्या. अनुकरणाला दोन-तीनच पुरे.

इब्री लोकांस पत्र १३:७ मध्ये पुढाऱ्यांच्या वर्तनाचा शेवट काय होतो ते पाहून त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा असं सांगितलं आहे. वर्तन पाहायचं तर माणूस दिसला पाहिजे. पडद्यावरचा वक्ता तुम्हाला चाळीस मिनिटं दिसतो, तोही त्याने निवडलेल्या चाळीस मिनिटांत. उशीर झाल्यावर तो गाडी चालवणाऱ्याशी कसा बोलतो, मुलाने पाणी सांडलं तर काय करतो, यातलं काही दिसत नाही. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला माहिती अपुरी आहे, एवढंच. त्याच्याकडून शिका जरूर, पण आयुष्याचा साचा म्हणून घेऊ नका.

आणि ज्यांचं अनुकरण कराल त्यांचे झेंडे खांद्यावर घेऊ नका. करिंथमध्ये हेच झालं. कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. पौलाने सर्वांत आधी स्वतःच्याच गटाला झापलं: पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर गेला होता का?

चौथी पायरी: चूक दाखवल्यावर काय होतं ते बघा

वक्तृत्व, प्रार्थनेची लांबी, पाठ वचनं, गाण्यातला आवेश, यांपैकी कशानेही माणूस नीट ओळखता येत नाही. मी आता एकच गोष्ट बघते. त्या व्यक्तीला कुणी चूक दाखवली तर पुढच्या पाच मिनिटांत काय घडतं? आणि पुढच्या आठवड्यात?

आमच्या मंडळीतल्या एका वडीलजनांनी संदेशात एका वचनाचा संदर्भ चुकीचा दिला आणि त्यावरच सगळा मुद्दा उभा केला. उपासना संपल्यावर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी बायबल उघडून त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अगं, खरंच की." आम्ही हसलो आणि विसरलो. पुढच्या रविवारी ते संदेशाआधी उभे राहिले आणि म्हणाले, मागच्या आठवड्यात मी चुकीचं शिकवलं, कुणी दाखवलं तेही सांगतो. त्या मुलीचं नाव घेतलं आणि मग नीट मुद्दा मांडला. त्या दिवसापासून त्यांच्याकडून काय शिकायचं हे मला कळलं. त्यांचे संदेश, खरं सांगायचं तर, कंटाळवाणे असतात.

नवा करार या कसोटीने भरलेला आहे. अपुल्लोस हा विद्वान, शास्त्रात निष्णात, सभास्थानात निर्भयपणे बोलणारा, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. तंबू शिवून पोट भरणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला जवळ घेऊन मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (कृत्ये १८). त्याने ऐकलं, आणि पुढे अखयातल्या विश्वासणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग झाला. अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत होता, पण यरुशलेमहून काही जण आल्यावर घाबरून बाजूला झाला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला विरोध केला (गलती २). पेत्राने तेव्हा काय उत्तर दिलं ते पत्रात नाही. पण पेत्राच्या नावच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख 'आपला प्रिय बंधू' असा आहे. याउलट दियत्रेफेस. योहानाच्या तिसऱ्या पत्रात त्याचं वर्णन दोन ओळींत आहे. त्याला पहिला मान हवा असतो, तो प्रेषितांविरुद्ध वाईट बोलतो, आलेल्या बंधूंना घरात घेत नाही आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. असा माणूस प्रत्येक पिढीत भेटतो, त्याचा पोशाख तेवढा बदलतो.

या बाबतीत मला चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन याचा अनुभव फार बोलका वाटतो. तरुणपणी तो मानी नावाच्या गुरूच्या पंथात, मानीपंथात, सुमारे नऊ वर्षं होता. ग्रहताऱ्यांबद्दल त्या पंथाच्या ग्रंथांत जे लिहिलं होतं ते गणिताशी जुळत नव्हतं. लोक म्हणत, आपला पुढारी फाउस्टस येऊ दे, तो सगळं समजावेल. फाउस्टस आला. बोलणं गोड, भाषा सुंदर, पण प्रश्न विचारल्यावर त्याने सरळ कबूल केलं की मला हे ठाऊक नाही. ऑगस्टीनचा त्या पंथावरचा विश्वास तिथून ढासळला, पण त्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याने चांगलंच लिहिलं. म्हणजे कसोटीला उतरणारा माणूस बरोबरच असेल असं नाही. पण तो तुम्हाला अडकवून ठेवत नाही, हे काय कमी आहे?

यासाठी कुणाची मुद्दाम परीक्षा घेऊ नका, ते लबाडीचं आहे. खरोखर पडलेला प्रश्न विचारा: "तुम्ही असं म्हणालात, पण मला या अध्यायात वेगळं दिसतंय." मग ऐका. "बघतो", "मला नीट माहीत नाही", "आपण सोबत वाचू" असं उत्तर आलं तर उत्तम. "तुझ्यात बंडाचा आत्मा आहे", "अभिषिक्ताला हात लावू नये" असं आलं तर उत्तर मिळालं समजा. अभिषिक्ताबद्दलचं, म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाबद्दलचं, ते वाक्य दाविदाचं. गुहेत शौल राजाला ठार मारायची संधी आली तेव्हा त्याने हात आवरला. प्रश्न विचारण्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय त्याच दाविदाने गुहेबाहेर येऊन शौलाला त्याची चूक तोंडावर सांगितली होती.

पाचवी पायरी: पैसा, गुपित, औषध

इथे फार विचार करायचा नाही, सरळ बघायचं.

पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेली 'दिदाखे' नावाची एक छोटी ख्रिस्ती पुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. फिरत्या प्रेषितांबद्दल तिच्यातले नियम रोखठोक आहेत. आलेल्याचं प्रभूसारखं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंतची भाकर न्यावी. पैसे मागितले तर खोटा संदेष्टा. आज तीन दिवसांचा नियम लावायची गरज नाही, पण ती नजर हवी.

दान कोण मोजतं, दोघं-तिघं मिळून की एकटाच? हिशेब मंडळीसमोर वाचला जातो का? पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कुणाला दोष लावायला जागा राहू नये म्हणून इतरांना सोबत पाठवलं (२ करिंथ ८). प्रेषिताला त्याची गरज वाटली. ज्याला वाटत नाही त्याच्यापासून जपून राहा.

कुणी म्हणालं की हे आपल्या दोघांतच ठेव, घरच्यांना सांगू नको, तर त्या क्षणी उठा. कुणी म्हणालं की तुझं लग्न कुणाशी व्हावं हे देवाने मला सांगितलंय, तरी उठा. देवाला तुमचा पत्ता माहीत आहे. विश्वास असेल तर औषध बंद कर, असं कुणी सांगितलं तर औषध चालू ठेवा आणि त्या माणसाला भेटणं बंद करा. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. आणि कुणी अंगाला हात लावला, धमकावलं, तर ही मंडळीतली अंतर्गत बाब नाही. विश्वासातल्या एका बाहेरच्या माणसाला सांगा आणि पोलिसांकडे जा. 'क्षमा कर आणि गप्प राहा' असं सांगणारे भेटतील. क्षमा करूनही तक्रार करता येते.

सहावी पायरी: विचारायचं कसं

माणूस सापडला, आता पुढे काय? बहुतेक नवे लोक इथे अडखळतात. 'तुम्ही माझे आध्यात्मिक वडील व्हाल का' असं विचारलं तर शहाणा माणूस दचकेल, आणि जो आनंदाने लगेच हो म्हणेल त्याच्याविषयी मला शंका येईल.

लहान काम मागा, आणि त्याला मुदत घाला. "पंधरा दिवसांतून एकदा तासभर बसून आपण मार्क वाचू या का? तीन महिने करून बघू." एवढं पुरे. जागा उघडी असावी, घरात आणखी कुणी असावं. शक्यतो बाईने बाईकडे, पुरुषाने पुरुषाकडे जावं, नाहीतर जोडप्याकडे. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. ज्याला आपल्या वेळेची मर्यादा कळते तो नकार देतो.

आणि फक्त अभ्यासाला जाऊ नका, सोबत कामालाही जा. आजाऱ्याला भेटायला ते निघाले तर बरोबर निघा. खुर्च्या लावायला लागा. योहानाच्या पहिल्या अध्यायात दोघे जण येशूला पहिला प्रश्न विचारतात तो असा: गुरुजी, आपण कुठे राहता? शिकवण काय, असं ते विचारत नाहीत. तो म्हणतो, या म्हणजे पाहाल. मग ते तो दिवस त्याच्याजवळ राहिले. सुमारे दहावा तास होता, अशी वेळसुद्धा नोंदवली आहे. म्हणजे दुपारचे चार. आयुष्य बदललं तेव्हा घड्याळात किती वाजले होते हे माणसाच्या लक्षात राहतं.

एक ना एक दिवस ही व्यक्ती तुम्हाला निराश करेल. पौल आणि बर्णबा यांच्यात योहान मार्कावरून इतकी कडाक्याची भांडाभांडी झाली की ते वेगळे झाले. नव्याने विश्वासात आलेल्या पौलाला प्रेषितांपुढे उभं करणारा हाच बर्णबा. आणि ज्या मार्काला सोबत घ्यायला पौल तयार नव्हता, त्याच्याविषयी २ तीमथ्य ४:११ मध्ये लिहिलं आहे की त्याला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. किरकोळ निराशा आणि पाचव्या पायरीतल्या गोष्टी यांची गल्लत मात्र करू नका. पहिलीत थांबायचं असतं, दुसरीत निघायचं.

सातवी पायरी: आता मागे वळून बघा

तुम्ही स्वतःला नवशिके समजता, पण कुणी तरी तुमच्याकडे बघतंय. घरातलं लहान भावंड, शेजारच्या टेबलावरचा सहकारी, नवरा, सासू. अंत्युखियात पेत्राने कुणाला काही शिकवलं नव्हतं, तो नुसता जागेवरून उठला. आणि बर्णबासुद्धा त्याच्याबरोबर वाहवत गेला, असं पौल लिहितो. प्रभाव हा असा पडतो, न बोलता.

म्हणून सुरुवात घरापासून, आणि घरात सुरुवात गप्प बसण्यापासून. नव्या विश्वासणाऱ्याला सगळ्यांना सगळं एकाच आठवड्यात सांगायचं असतं. मी तेच केलं. माझ्या आईला दोन महिने वचनं ऐकवली. तिने एक दिवस भांडी घासता घासता विचारलं, "तुझ्या येशूने तुला भांडी घासायला नाही का गं सांगितलं?" मी त्या दिवसापासून भांडी घासायला घेतली. वचनं बंद केली. साधारण वर्षाने तिने आपणहून पहिला प्रश्न विचारला.

१ पेत्र ३:१५ मध्ये तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या, असं सांगितलं आहे. विचारील त्याला. आधी समोरच्याला प्रश्न पडला पाहिजे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत ताटातूट झाली, नातेवाइकांचा रोष झाला, मग दोघं पुन्हा एकत्र राहू लागली, तेव्हाही लक्ष्मीबाई आपल्याच रीतीने वागत होत्या. त्यांनी निर्णय घेतला तो स्वतः विचार करून. घरातल्या माणसाला इतका वेळ द्यायची आपली तयारी आहे का, हे आधी तपासावं.

ऑगस्टीनचा दुसरा प्रसंग इथे आठवतो. मिलानला गेल्यावर तो बिशप अँब्रोसचं प्रवचन ऐकायला जायचा ते वक्तृत्व पारखायला, कारण तो स्वतः वक्तृत्वाचा शिक्षक होता. त्याने लिहून ठेवलंय की अँब्रोस त्याला आवडू लागला तो सत्याचा शिक्षक म्हणून नव्हे, आपल्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून. शिकवण मागून आत शिरली. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोसनेच त्याला बाप्तिस्मा दिला.

आठवी पायरी: साक्ष द्यायची वेळ आली तर

तीन मिनिटं. जास्त नाही. माझं आधी काय चाललं होतं, काय घडलं, आता काय वेगळं आहे. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांध माणसाला पुढाऱ्यांनी धर्मशास्त्राचे प्रश्न विचारून हैराण केलं. त्याचं उत्तर असं की तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. यापेक्षा चांगली साक्ष मी ऐकलेली नाही. तिच्यात 'मला ठाऊक नाही' आहे हे लक्षात घ्या.

साक्ष रंगवू नका. आधीचं आयुष्य होतं त्यापेक्षा काळं आणि आत्ताचं आहे त्यापेक्षा उजळ करायचा मोह प्रत्येक वेळी होतो. ज्यांनी तुम्हाला आधी पाहिलंय ते ऐकणाऱ्यांत बसलेले असतात. आणि आता सगळं छान आहे असं तर मुळीच म्हणू नका. ऐकणारा घरी जाऊन स्वतःच्या आयुष्याकडे बघतो, ते छान नसतं, आणि त्याला वाटतं की दोष आपलाच.

डोंगरावरच्या प्रवचनात पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की तुमची सत्कृत्यं लोकांना दिसू द्या. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सांगतो की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. नवे लोक याला विसंगती म्हणतात. मी एक ढोबळ नियम पाळते: जे लपवायचा मोह होतो ते दिसू द्यायचं, जे दाखवायचा मोह होतो ते झाकायचं. दान झाकायचं. माफी उघड मागायची. ऑफिसात मी एकदा सगळ्यांदेखत एकीवर ओरडले आणि नंतर कोपऱ्यात गाठून तिची माफी मागितली. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत पुन्हा मागितली, आवाज फाटला होता. मी ख्रिस्ती आहे हे तिथल्या काहींना त्यानंतरच कळलं. एकाने विचारलं, "तुमच्यात असं करावं लागतं का?"

काय करायचं नाही, तेही सांगते. मदतीला अट जोडायची नाही. पैसा, नोकरी, शाळा, इलाज यांपैकी काहीही 'आमच्या उपासनेला ये' याच्याशी बांधलंत तर ते आमिष झालं, आणि घेणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी कळतं. माणूस दवाखान्याच्या खाटेवर, तिरडीजवळ किंवा कर्जात बुडालेला असताना त्याच्या भीतीवर बोट ठेवायचं नाही. तिथे पाणी द्या, फोन लावून द्या, गरज पडली तर रात्रभर बसा. दुसऱ्याच्या देवाधर्माची टिंगल तर कधीच नाही. आणि 'नाही' आलं की नाही. तो श्रीमंत माणूस आठवा. येशूने त्याला जाऊ दिलं, आणि त्याच्यावर प्रीती केली होती हे मार्काने आधीच लिहून ठेवलं.

नववी पायरी: कुणी तुमच्याच मागे येऊ लागलं तर

एक दिवस कुणी तरी येऊन म्हणेल, मला तुमच्याकडून शिकायचंय. सुखावून जाल. तो सुखावा धोक्याचा आहे.

चौथ्या-पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे साधू होते, त्यांच्यातल्या पोएमेनची एक गोष्ट सांगतात. एकाने विचारलं, माझ्यासोबत काही बंधू राहतात, मी त्यांना आज्ञा देऊ का? पोएमेन म्हणाला, नको, आधी तू काम कर, त्यांना जगायचं असेल तर ते बघतील. तो म्हणाला, पण मी आज्ञा द्याव्यात असं त्यांनाच वाटतं. उत्तर आलं, तरी नको. त्यांचा नमुना हो, कायदे करणारा होऊ नको.

त्या माणसाच्या हातात मार्क द्या. सहाव्या पायरीतली तीन महिन्यांची मुदत घाला, आणि मुदत संपली की खरंच थांबा. त्याला तुमच्याखेरीज आणखी दोघांशी जोडून द्या, त्यांतला एक तरी तुमच्याशी न पटणारा असू द्या. पहिल्याच भेटीत सांगा की माझं चुकताना दिसलं तर मला सांग, आणि त्याने सांगितलं की चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचा. तो तुमच्या लकबीत प्रार्थना करू लागला तर हसून दाखवून द्या.

आणि तो पुढे गेला तर जाऊ द्या. योहान बाप्तिस्मा करणारा आपल्या दोन शिष्यांबरोबर उभा होता. येशू जवळून जाताना त्याने बोट दाखवलं. ते दोघे योहानाला सोडून येशूच्या मागे गेले. त्यांतला एक आंद्रिया. त्याने आधी आपला भाऊ शीमोन याला गाठलं आणि येशूकडे आणलं. पुढे चारही शुभवर्तमानांत शीमोन पेत्र पानोपानी दिसतो, आंद्रिया मोजक्या जागी. त्यातल्या एका जागी तो पाच भाकरी आणि दोन मासळ्या असलेल्या एका मुलाकडे येशूचं लक्ष वेधतो.